कासवाच्या गालावरची नोंद : नाशिकहून प्रवाळबेटांवर फोटो-नोंदणीला जाणाऱ्यांसाठी

नाशिकरोडला थांबणाऱ्या एका गाडीच्या नावातच लक्षद्वीप आहे : मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. लहानपणी मला वाटायचं, ही गाडी थेट बेटावर जाऊन थांबत असणार. ती थांबते एर्नाकुलमला. त्या दिवसभराहून लांब प्रवासानंतर कोची बंदरातून जहाज आणि बेटानुसार आणखी चौदा ते अठरा-वीस तास. एवढा खटाटोप करून माणूस प्रवाळापर्यंत पोचतो आणि परत येताना काय आणतो? माझ्या पहिल्या खेपेचा हिशेब सांगतो. अकराशेच्या वर फोटो, त्यातले अभ्यासाला उपयोगी पडतील असे शून्य. निम्म्या फोटोंत कासवं पाठमोरी, कारण मी त्यांच्या मागे लागलो होतो. उरलेल्यांत तारीख १ जानेवारी, कारण प्रवासात बॅटरी पार उतरली, कॅमेऱ्याचं घड्याळ पहिल्यापासून सुरू झालं आणि मी ते पाहिलंच नाही.

घरच्यांना फोटो फार आवडले. माझ्या ओळखीच्या एका संशोधक बाईंनी ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "यातलं हे कासव आणि हे कासव एकच आहे का?" मला सांगता आलं नाही. पुढचं सगळं त्या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून शिकलो.

टॅग लावायचा कुणी

"टॅगिंगला चाललोय" असं बरेच जण उत्साहाने सांगतात. त्यांना बहुतेक वेळा म्हणायचं असतं फोटो काढणं आणि त्या फोटोंना नावं देणं. प्राण्याच्या अंगावर प्रत्यक्ष टॅग लावणं हे वेगळं काम आहे आणि हौशी माणसाचं नाही. आपल्या समुद्रातली कासवं, व्हेल शार्क, समुद्रकाकड्या, समुद्री घोडे आणि खडक बांधणारी कठीण प्रवाळं ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या संरक्षणाखाली येतात. त्यांना पकडून टॅग लावायचा तर संशोधनासाठीचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांकडून लागतो आणि कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीतला प्राणी असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमतीही. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा किंवा शंख खिशात घालून आणणंही महागात पडतं.

तरी टॅगचे प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण टॅगवाला प्राणी तुमच्या समोर येऊ शकतो. कासवाच्या पुढच्या वल्ह्यावर धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावर क्रमांक आणि मागच्या बाजूला पत्ता. तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप कातडीखाली घालतात. ती वाचायला यंत्र लागतं, तुम्हाला दिसणारच नाही. तिसरा प्रकार पाठीवर चिकटवलेला उपग्रह टॅग. कासव श्वास घ्यायला वर आलं आणि अँटेना पाण्याबाहेर निघाली की तेवढ्यात तो संदेश पाठवतो. आपल्या कोकणात २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या एका कासव मादीला असा टॅग लावला आणि तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

साध्या पट्टीची करामत मात्र मला जास्त भावते. ओडिशात २०२१ मध्ये पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पट्टीवर क्रमांक होता ०३२३३. कुणीतरी तो नीट वाचला म्हणून पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिमेला येतं हे कळलं. असा टॅग दिसला तर तो काढायचा नाही, ओढून पाहायचा नाही. शक्य झालं तर पट्टीच्या दोन्ही बाजूंचा फोटो, संपूर्ण प्राण्याचा एक फोटो, वेळ आणि जागा, एवढं वनखात्याला कळवायचं.

पट्टी नसली तरी खूण असतेच

बहुतेक प्राण्यांना पट्टी नसते आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. जन्माने मिळालेली खूण त्यांच्या अंगावर असते. ती कुठे शोधायची हे पाण्यात उतरण्यापूर्वी पाठ पाहिजे, कारण पाण्यात तुम्हाला वीस-तीस सेकंद मिळतात.

कासवाची ओळख गालावर. डोळ्यामागच्या खवल्यांची मांडणी प्रत्येक कासवाची वेगळी आणि डाव्या-उजव्या गालाचीही वेगळी असते. म्हणून दोन्ही बाजू हव्यात. डाव्या गालाचा फोटो असलेलं कासव आणि उजव्या गालाचा फोटो असलेलं कासव एकच आहे का, हे कोणीच सांगू शकत नाही. जात ओळखायला डोक्याचा वरून घेतलेला फोटो उपयोगी पडतो : नाकपुड्या आणि डोळे यांच्यामध्ये मोठ्या खवल्यांची एक जोडी असेल तर हिरवं कासव, दोन जोड्या असतील आणि तोंड पोपटाच्या चोचीसारखं टोकदार असेल तर हॉक्सबिल. पाठीच्या बाजूच्या ढाली मोजल्या तर ऑलिव्ह रिडले वेगळं पडतं. हिरव्या कासवाला आणि हॉक्सबिलला प्रत्येक बाजूला चार, रिडलेला साधारण सहा ते नऊ.

व्हेल शार्कची खूण म्हणजे कल्ल्यांच्या शेवटच्या फटीपासून पाठीमागे पसरलेले ठिपके. प्रथा डाव्या बाजूची आहे. उजवीही मिळाली तर घ्या, पण आधी डावी. हे ठिपके जुळवायची एक पद्धत मुळात खगोलशास्त्रातली आहे. आकाशाच्या दोन फोटोंतले तारे जुळवण्यासाठी बनवलेलं गणित २००५ मध्ये व्हेल शार्कच्या ठिपक्यांना लावलं गेलं. मांटा रे, म्हणजे पंख पसरल्यासारखा पोहणारा चपटा मोठा मासा असेल तर पोट. कल्ल्यांच्या फटींमधले आणि त्यांच्या मागचे काळे डाग आयुष्यभर तेच राहतात. म्हणजे मांट्याच्या वरून पोहत घेतलेला देखणा फोटो ओळखीच्या कामाचा नाही. ती तुमच्या डोक्यावरून जाईल अशा जागी तुम्ही आधीच जाऊन थांबलेले हवेत.

नाशकात बसून करायची तयारी

बेटावर शिकायला वेळ नसतो. मोहिमेतले चार-पाच दिवस म्हणजे जेमतेम दहा-बारा डाइव्ह किंवा तेवढ्याच वेळा स्नॉर्कल. म्हणून निदान दोन महिने आधी इथेच सुरुवात करा.

पहिली पायरी बादली. हसू नका. कॅमेरा त्याच्या पाणबंद डब्यात, म्हणजे हाउसिंगमध्ये घाला, पण पहिल्यांदा आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर ठेवा. स्वयंपाकघरातल्या भरल्या पिंपात अर्धा तास बुडवा, वर तांब्याचं भांडं ठेवून दाबा. टिश्यू कोरडा निघाला तरच पुढे. डब्याच्या झाकणातली रबरी ओ-रिंग बोटाने काढा, नखाने किंवा टाचणीने नाही. तिच्यावर केस, वाळूचा कण, लोकरीचा धागा काहीही असेल तर पाणी आत येतं. मटाराच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस दोन बोटांनी फिरवायचं. जास्त लावलं की कचरा चिकटतो. नाशकातल्या थंडीत स्वेटर घालून हे काम करू नका. माझ्या एका मित्राच्या कॅमेऱ्याचा जीव लोकरीच्या एका धाग्याने घेतला.

दुसरी पायरी पोहण्याचा तलाव. कॅमेरा घेऊन तलावात शिरलात तर लोक रागावणार, आणि रास्तच आहे. तलावाच्या व्यवस्थापकांना आधी भेटा, कमी गर्दीची वेळ मागा, कुणीही माणूस चौकटीत येणार नाही याची हमी द्या. मग कासवाच्या डोक्याचा रंगीत प्रिंट ए-४ आकारात लॅमिनेट करून घ्या, खाली वजन बांधून दीड-दोन मीटर खोलीत सोडा आणि त्याच्या बाजूने पोहत जाऊन फोटो काढा. हात न हलवता, फक्त पायांत घालायच्या रबरी पंखांवर. पहिल्या दिवशी खवले मोजता येतील असा एकही फोटो येत नाही. आठवड्याने दहातले चार येतात.

इथे दोन गोष्टी कळतात. पाण्यात वस्तू साधारण पाव अंतराने जवळ दिसते. एक मीटरवरची पाऊण मीटरवर वाटते. सपाट काचेच्या डब्यातून लेन्सचा कोनही तेवढाच आखडतो, २४ मिमीची लेन्स ३२ सारखी वागते. दुसरी गोष्ट वजनाची. तलावातलं पाणी गोडं आहे, समुद्राचं खारं आणि जड. तुमचं सामानासकट वजन १०० किलो असेल तर समुद्रात बुडून राहायला इथल्यापेक्षा साधारण अडीच किलो शिसं जास्त लागेल. तलावात जमलेला तोल पहिल्या डाइव्हला बिघडतो तो यामुळे. पहिला डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा. हा सल्ला कुणी ऐकत नाही, मीही ऐकला नव्हता, आणि माझ्या पंखाचा फटका फांद्यांच्या प्रवाळाला बसला. एक बोटभर फांदी तुटली. ते प्रवाळ वर्षाला काही सेंटीमीटरच वाढतं.

तिसरी पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तिला पाण्यात उतरावंही लागत नाही. नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं आपलं हे पाणथळ महत्त्वाच्या पाणथळांच्या जागतिक, म्हणजे रामसर यादीत असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. हिवाळ्यातले चार रविवार चापडगावला पहाटे जा आणि स्वतःला एकच काम द्या : दिसेल त्या प्रत्येक बदकाचे, पाणकोंबडीचे दोन्ही बाजूंनी फोटो, आणि ज्याच्या पायात ओळखीचं कडं दिसेल त्या कड्यावरची अक्षरं. सोबत वहीत वेळ, जागा, संख्या. घरी येऊन तीन दिवसांनी फक्त वही आणि फोटो समोर ठेवून सकाळ पुन्हा उभी करता येते का पाहा. आली नाही तर वहीत काय राहिलं ते कळतं. गाइड सोबत घ्या. त्यांचे डोळे आपल्या लेन्सपेक्षा लांब पोचतात आणि पक्षी न उडवता किती जवळ जायचं हे त्यांच्याकडूनच शिकावं. पाण्यातही हाच सराव कामी येतो.

सामानाची यादी, थोडक्यात

महागडं काही लागत नाही. पाण्यात चालणारा साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा किंवा ॲक्शन कॅमेरा पुरतो, फक्त रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न केलेला मूळ फोटो, निघत असेल तर बरं. दोन मेमरी कार्डं, दोन छोट्या हार्ड डिस्क, सिलिका जेलच्या पुड्या, सुटी ओ-रिंग, सुती फडकी. बॅटऱ्या विमानात हातातल्या पिशवीतच न्यायच्या.

पाटी मात्र घरी करा. पांढऱ्या पीव्हीसी शीटचा वहीएवढा तुकडा, त्यावर पॉलिश पेपर घासून खरखरीत केलेला, भोक पाडून दोरीने बांधलेली साधी शिसपेन्सिल. पाण्याखाली पेन्सिल उत्तम लिहिते. पाटीवर आधीच रकाने आखून ठेवा : वेळ, खोली, प्राणी, डावी-उजवी, काय करत होता. रात्री पाटीचा फोटो काढून ती टूथपेस्टने घासली की दुसऱ्या दिवशी कोरी. शाळेत पाटीवर थुंकून पुसायचो तेवढं सोपं नाही, पण जवळपास तसंच.

एक इशारा. "लांबच्या समुद्रात जातोय, सॅटेलाइट फोन असावा" म्हणून कुणाकडून परदेशातून मागवू नका. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. संपर्काची जबाबदारी जहाजाची किंवा मोहिमेच्या संस्थेची. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवानाही लागतो, त्याचे कागद महिनाभर आधीच सुरू करा. ड्रोनचीही परवानगी वेगळी.

आणि सुरुवात लक्षद्वीपपासूनच करायला हवी असंही नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाची, स्कूबा शिकवणारी संस्था आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं पठारही आपलंच. पण त्याचा माथाच जवळपास वीस मीटर खोल आहे आणि चहूकडे उघडा समुद्र. ते पहिल्या मोहिमेचं ठिकाण नव्हे.

आधी घड्याळ

पाण्याखाली जीपीएस चालत नाही. म्हणून फोटोला जागा मिळते ती घड्याळातून. पद्धत सोपी आहे. फोन पाणबंद पिशवीत घालून, ट्रॅक नोंदवणारं ॲप सुरू करून, तो तरंगत्या बोयाला बांधा आणि बोया सोबत ओढत न्या. फोनकडे दर क्षणाची जागा असते, कॅमेऱ्याकडे दर फोटोची वेळ. रात्री दोन्ही जुळवलं की प्रत्येक फोटोला अक्षांश-रेखांश मिळतात. लायटरूमसारख्या किंवा फुकट मिळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते.

हे चालायचं तर दोन्ही घड्याळं एक हवीत. रोज सकाळी पाण्यात उतरण्याआधी फोनवर सेकंद दाखवणारं घड्याळ लावा आणि कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढा. दिवसाचा पहिला फोटो हाच. कॅमेरा चाळीस सेकंद मागे असला तरी बिघडत नाही, किती मागे आहे एवढं कळलं की पुरे. गटात चार कॅमेरे असतील तर चौघांनी एकाच फोनचा फोटो काढायचा. पहिल्या खेपेला हा एक फोटो मी काढला असता तर निम्मे फोटो तरी वाचले असते.

पाण्यात

कासव दिसलं. आता काय?

थांबा. हीच पहिली कृती. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या खाजणात हिरवी कासवं समुद्रगवत चरत असतात, गाईसारखी, आणि तुम्ही थांबलात तर तीही थांबतात. निदान तीन मीटर अंतर ठेवा. मागून जाऊ नका, वरून तर अजिबात नको. त्याला श्वासासाठी वर यायचं असतं आणि वाटेत तुम्ही आलात तर ते दमतं. बाजूला, त्याच्या डोक्याच्या रेषेत, समांतर पोहा. ते सरळ जातंय तर तुम्हीही सरळ. पहिला फोटो दूरून पूर्ण प्राण्याचा. मग गालाचा, कॅमेरा गालाला काटकोनात. थोडा तिरका झाला की खवल्यांचा आकार बदलतो आणि जुळणी चुकते. दुसरा गाल मिळवायला त्याला वळसा घालू नका. चरणारं कासव आपणच फिरतं. नाही फिरलं तर नाही. पाटीवर 'फक्त डावी' लिहा आणि पुढे व्हा.

सेटिंग एकदा लावून विसरून जायचं. शटर १/२०० किंवा जास्त, छिद्र एफ/८ च्या आसपास, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा घालून, एकावर एक तीन-चार फोटोंचा बर्स्ट. फ्लॅश बंद. कासवाच्या डोळ्यांत फ्लॅश मारायचा नाही, आणि पाण्यात कण असतील तर फ्लॅशने त्यांचंच चांदणं होतं. लाल रंग पहिल्या पाच मीटरांतच बराचसा नाहीसा होतो, पुढे नारिंगी, मग पिवळा. म्हणून सगळं निळसर दिसतं. ओळखीच्या फोटोला त्याने काही बिघडत नाही. खवल्यांची रेघ आणि ठिपक्याची कड दिसली पाहिजे, रंग गेला तर जाऊ दे. जुळणी करताना मी फोटो काळा-पांढराच करतो.

व्हेल शार्क असेल तर डोक्यापासून तीन मीटर, शेपटीपासून चार. शेपटीचा फटका तिला कळतही नाही, तुम्हाला कळतो. मांट्याकडे पोहत जाऊ नका. छोट्या माशांकडून अंगाची स्वच्छता करून घ्यायला त्या जिथे येतात त्या खडकाच्या कडेला, वाळूवर, खाली राहून वाट पाहा.

आणि बोटवाल्यांशी बोला. बेटावरच्या तांडेलांना कोणतं कासव रोज कुठल्या कोपऱ्यात असतं हे ठाऊक असतं. मोडकीतोडकी हिंदी आणि 'आमा' हा कासवासाठीचा मल्याळम शब्द एवढ्या भांडवलावर मला जे कळलं ते कुठल्या नकाशात नव्हतं.

प्रवाळाची चौकट

प्राण्यांच्या नादात प्रवाळ राहून जातं, आणि लक्षद्वीपमध्ये आज जास्त गरज त्याचीच आहे. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तिथे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी ते मोठ्या प्रमाणावर झालं. एकाच जागेचा वर्षानुवर्षांचा फोटो असेल तर काय मेलं, काय परत आलं हे दिसतं.

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची ५० सेंटीमीटर बाजूची चौकट करा : चार तुकडे, चार एल्बो, प्लंबिंगच्या दुकानात दहा मिनिटांचं काम. पाइपला भोकं पाडा, नाहीतर हवा अडकून ती तरंगते. दर दहा सेंटीमीटरवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे मोजपट्टी आपोआप झाली. मोजमापाची ५० मीटरची टेप अंथरून, ठरावीक अंतरांवर चौकट धरून, प्रत्येक वेळी सारख्याच उंचीवरून बरोबर वरून फोटो घ्यायचा. चौकट वाळूवर किंवा मेलेल्या खडकावर टेकवा, जिवंत प्रवाळावर नाही. जागा नसेल तर जोडीदाराने हातात धरावी. हे काम मोहिमेच्या संस्थेच्या परवान्यात बसतं का ते आधी विचारून घ्या. जातीचं नाव ठरवायच्या भानगडीत पडू नका. फांद्यांचं, गोळ्यासारखं, ताटलीसारखं, पांढरं पडलेलं, शैवाल चढलेलं, एवढी वर्णनं खरी आणि पुरेशी.

रात्रीचं काम

दिवसाचा कंटाळा आला असतो, जेवण झालेलं असतं, जहाज हलतंय. तरीही त्याच रात्री. उद्यावर टाकलेली नोंद दुसऱ्या दिवशीच्या कासवांत मिसळते.

एसी केबिनमधून कॅमेरा सरळ डेकवर नेऊन डबा उघडू नका. गार काचेवर दमट हवा बसते आणि आत धुकं. उलटही खरं : डबा बंद करायचा तो एसीच्या कोरड्या हवेत, सिलिका जेल टाकून.

कार्डावरून दोन्ही डिस्कवर नक्कल करा, दोन्ही उघडून पाहा, मगच कार्ड पुसा. डिस्क दोन वेगळ्या पिशव्यांत. मग नावं. मी असं नाव देतो : २०२५०२१४-अगत्ती-डा०३-हिका-डावी-०४१२. तारीख, बेट, तिसरा डाइव्ह, हिरवं कासव, डावा गाल, कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक. मूळ क्रमांक कधीही पुसू नका, घोटाळा झाला की तोच सोडवतो. मूळ फाइलला हात न लावता नकलेवर काम करायचं.

नावात मावत नाही ते की-वर्डमध्ये : खोली, वागणूक, जखम, पाठीवर शिंपले किती, शेपटी लांब की आखूड. पूर्ण वाढलेल्या नराची शेपटी लांब आणि जाड असते. लहान कासवात नर-मादी दिसून कळत नाही, तिथे 'अज्ञात' लिहा. खात्री नसेल तिथे 'अज्ञात' लिहायची लाज वाटू देऊ नका. चुकीची नोंद कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट, कारण ती खरी समजून कुणीतरी पुढे मोजते. शब्द मात्र गटाने एकच वापरावेत. एकाने 'हिरवं कासव', दुसऱ्याने 'ग्रीन टर्टल' आणि तिसऱ्याने 'मोठं कासव' लिहिलं की यादीत तीन प्राणी होतात. शास्त्रीय नाव सगळ्यांनी एका स्पेलिंगने घालावं.

कुणाला द्यायचं, काय झाकायचं

व्हेल शार्क आणि मांट्यांसाठी वाइल्डबुकसारखे आंतरराष्ट्रीय संग्रह आहेत, बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ. मोहीम एखाद्या संस्थेची असेल तर आधी त्यांना द्या, मग इतरत्र.

जागा जाहीर करताना हात आखडता घ्या. समुद्रकाकड्यांची चोरटी शिकार लक्षद्वीपमध्ये खरीखुरी चालते. म्हणूनच २०२० मध्ये चेरियापाणी खडकाभोवती त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र करावं लागलं. तुमच्या इन्स्टाग्रामवरच्या फोटोतून अक्षांश-रेखांश कुणी उचलला तर ते तुमच्यामुळे झालं. सार्वजनिक फोटोतली जागा काढून टाका, संग्रहाला दिलेल्या प्रतीत ठेवा. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या बऱ्याच जातींची जागा आपणहून अंधुक करतं, पण त्यावर विसंबू नका.

फोटोची किंमत कोकणातल्या मच्छीमारांना आपल्याआधी कळली आहे, हेही सांगायला हवं. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा व्हेल शार्क जाळं कापून सोडलं आणि त्याचा फोटो-व्हिडिओ दाखवला तर जाळ्याची भरपाई मिळते, कमाल २५ हजार रुपये. राज्याने ही योजना २०१८ मध्ये आणली.

परतीची वाट

इथे नाशिककरांनी एक गोष्ट नीट ऐकावी. डाइव्ह केल्यावर शरीरात जास्तीचा नायट्रोजन राहतो. विमानात बसण्यापूर्वी एक डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, अनेक दिवस अनेक डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हवेचा दाब डोंगरावरही कमी होतो, आणि आपलं गावच मुळी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. तारकर्लीला दुपारी शेवटचा डाइव्ह मारून संध्याकाळी गाडी काढली आणि आंबोली घाट चढला, तर तुम्ही ७०० मीटरच्या आसपास पोचलात. विमानाचा तोच नियम इथेही लावा. शेवटचा दिवस कोरडा ठेवा, किल्ला पाहा, सोलकढी प्या. लक्षद्वीपहून जहाजाने येणाऱ्यांना हे तास समुद्रसपाटीवर आपोआप मिळतात. नुसतं पृष्ठभागावर स्नॉर्कल केलं असेल तर ही भानगड नाही. सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले तर 'प्रवासाचा शीण' म्हणून झोपू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात डाइव्हिंगचं सांगा, कारण नाशकात ते कुणाच्या डोक्यात येणार नाही.

घरी पोचल्यावर हाउसिंग बंद ठेवूनच गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवा आणि पाण्यातच प्रत्येक बटण वीस-तीसदा दाबा. मीठ बटणांच्या स्प्रिंगमध्ये बसतं. सावलीत वाळवा. ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत.

मग फोटो घेऊन बसा आणि गाल जुळवायला लागा. आधी आपलेच आपल्याशी, पहिल्या दिवसाचे शेवटच्या दिवसाशी. दुसऱ्या खेपेच्या फोटोंत मला एकवीस कासवं भेटल्यासारखी वाटली होती. दोन आठवडे खवले मोजल्यावर ती नऊ निघाली. त्यातलं एक तर पाच वेळा येऊन गेलं होतं, दर वेळी त्याच कोपऱ्यात, डाव्या वल्ह्याला तीच जुनी खाच.